सगुण परबाचे प्रेक्षक

डिचोलीहून मुळगावच्या वाटेवर आमच्या खाणीचं वर्कशॉप होतं आणि तिथे दिवसाला किमान एक भांडण फुकट बघायला मिळायचं. ट्रक कुणी आडवा लावला, डिझेल कुणी सांडलं, कुणाच्या डब्यातली सुंगटं कुणी खाल्ली, कोणतंही कारण पुरे. भांडण पेटलं की मेकॅनिक गाड्यांखालून सरपटत बाहेर यायचे, आम्ही ऑफिसातले कारकून जनेलाच्या गजांशी दाटीवाटीने उभे राहायचो आणि साहेबसुद्धा लघवीला जायचं निमित्त करून बाहेर एक चक्कर टाकायचे. पाच मिनिटांत दोनशे माणसं जमायची. कामाच्या वेळेला इतकी माणसं या खाणीवर आहेत याचा पत्ता एरवी लागत नसे.

एका दुपारी कँटीनमध्ये एका ट्रक ड्रायव्हरने आमच्या टायमकीपरला आईवरून शिवी घातली. टायमकीपरने त्याची अर्ध्या दिवसाची हजेरी कापली होती. टायमकीपर पेज पीत बसला होता. तो बॉक्सर आहे हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे नेहमीच्या दुप्पट गर्दी झाली. बाकांवर माणसं उभी राहिली. आचारी डाव हातात घेऊन बाहेर आला.

टायमकीपरने वाटी खाली ठेवली, बोटं पुसली, शर्टाच्या खिशातून एक तिकीटबुक काढलं आणि ड्रायव्हरपुढे धरलं.

"आयतवारी चार वाजता. थेटराच्या मागल्या ग्राउंडार. पाच रुपये."

"आत्ता ये मरे भायर," ड्रायव्हर म्हणाला.

"आत्ता माजी ड्यूटी आसा. आनी मी फुकट कोणाक मारूचंय नाय."

एवढं बोलून तो पुन्हा पेज प्यायला लागला. ऐन रंगात आलेल्या सिनेमात वीज जावी तशी गर्दी चडफडत पांगली. आचारी तर म्हणाला, असल्या बॉक्सरापेक्षा आपली बायको बरी. रविवारी चार वाजता त्या गर्दीतला एकही जण ग्राउंडावर आला नाही. ड्रायव्हरही आला नाही. मी गेलो, कारण माझं टेबल टायमकीपरच्या टेबलाला लागून होतं आणि सोमवारी तोंड दाखवायचं होतं. क्रीडाप्रेमाचा माझ्यावर आरोप करायचं कारण नाही.

त्या टायमकीपरचं नाव सगुण परब. पेडण्यातल्या हळर्णचा. आमच्याकडे येण्यापूर्वी दहा-बारा वर्षं तारवटी होता, म्हणजे परदेशी बोटींवर खलाशी. बोट बंदराला लागली की बाकीचे तारवटी जिथे जायचे तिथे न जाता हा बॉक्सिंगच्या हॉलमध्ये जायचा आणि पैसे घेऊन तिथल्या बॉक्सरांशी लढायचा. "मी धंदेवाईक बॉक्सर," असं तो सांगायचा, आणि 'धंदेवाईक' हा शब्द लोक 'वैद्य' किंवा 'वकील' म्हणताना जितक्या इभ्रतीने म्हणतात तितक्याच इभ्रतीने म्हणायचा. आमच्याकडे धंदेवाईक या शब्दाला फारशी इभ्रत नव्हती. मारामारी करणाऱ्याला तर मुळीच नव्हती.

दिसायला तो बॉक्सर वाटायचा नाही. उंची बेताची, पोटऱ्या बारीक. नाक मात्र मधोमध मोडून डावीकडे वळलेलं होतं, त्यामुळे तो समोर बघत असला तरी कुठेतरी निघाल्यासारखा दिसायचा. डाव्या कानाने त्याला कमी ऐकू यायचं. बोलायला बसला की तो नेहमी तुमच्या डाव्या बाजूला बसे, म्हणजे त्याचा उजवा कान तुमच्याकडे येई. हात त्याने देवघरातल्या वस्तूसारखे जपले होते. रोज सकाळी मिठाच्या पाण्यात बुडवायचे, नखं मुळाशी कापायची. ऑफिसातलं लोखंडी कपाट हलवायचं झालं की सगळे त्यालाच हाक मारायचे, आणि तो हात पाठीमागे बांधून उभा राहायचा. "कपाटाक हो हात नाय." शेवटी कपाट आम्ही कारकून हलवायचो आणि बॉक्सर बाजूला उभा राहून 'संभाळून, संभाळून' म्हणायचा.

परदेशात म्हणे हॉल भरून माणसं येतात, असं मी एकदा त्याला विचारलं. दुसरा कुणी असता तर त्याने तिथल्या गर्दीची वर्णनं करून आमची तोंडं बंद केली असती.

"हॉल भरता," तो म्हणाला. "पण मोठ्या बॉक्सराच्या वेळार. माजी फाइट पयली. तेवा लोक बसाक कदेली सोदतत, बियर हाडूक जातत. एकदा तर माका वाटलां टाळ्यो मारतत. बघलंय तर एक बाय पावसाचा कोट झाडी होती."

म्हणजे हा माणूस तिथेही रिकाम्या खुर्च्यांसमोरच लढला होता. तरीही नोकरी सोडून गावी आल्यावर त्याच्या मनात एकच होतं, की गोव्यात धंदेवाईक बॉक्सिंग सुरू करायचं, तिकीट लावून. माणसाला अनुभवातून शहाणपण येतं असं जे म्हणतात, ते म्हणणारे सगुणला भेटलेले नसावेत.

त्या रविवारचा सामना मी पाहिला तो असा. खाणीवरच्या जुन्या ताडपत्र्या, सेंट्रिंगच्या फळ्या आणि बोटीवरून आणलेला नायलॉनचा दोर यांचं रिंगण. घंटेऐवजी लोखंडी रुळाचा तुकडा टांगलेला, त्यावर पाना मारायचा. प्रतिस्पर्धी बेळगावहून आणलेला, अंगाने याच्या दीडपट. फाटकाशी टेबल टाकून सगुणची बायको सुमती वहिनी तिकिटं फाडत होती. तिची पाठ रिंगणाकडे आणि तोंड रस्त्याकडे. नवऱ्याचा एकही सामना तिने कधी पाहिला नाही, पण एकाही सामन्याला गैरहजर राहिली नाही. आत आम्ही एकोणीस जण.

दुसऱ्या फेरीत सगुणने डाव्या हाताने बेळगावकराच्या बरगडीखाली काहीतरी केलं. काय केलं ते मला दिसलंच नाही. तो प्रचंड माणूस ताडपत्रीवर गुडघे टेकून बसला आणि उठला नाही. सामना संपला.

एकोणीसजणांत एक पंचायतीचे निवृत्त सेक्रेटरी होते. ते उभे राहिले. "हें कितें? पाच रुपयांत इतलेंच?"

"तो पडलो," सगुण दोरावरून वाकून म्हणाला.

"ताका उठय. माजी चाय सुद्धा सोंपूक ना."

मागून कुणीतरी म्हणालं की दशावतारात राक्षस मरायला पहाट होते, आणि तिथे तिकीटही नसतं. यावर सगळ्यांचं एकमत झालं. बॉक्सिंगवर डिचोलीकरांचं एकमत झाल्याचा तो पहिला प्रसंग. सगुणने सगळ्यांची माफी मागितली. पुढच्या वेळी थोडं हळूहळू मार, असं मी त्याला सोमवारी सुचवलं. चार फेऱ्या ओढल्यास तर लोकांना पैसे वसूल झाल्यासारखं वाटेल.

"केरकरबाब, तुमी हिशेब करताना सात आनी पाच बारा झाले तर साडेअकरा लिवतात?"

"नाही."

"मग माका कित्याक सांगतात?"

त्याला समजूतदारपणे सांगायची सोय नव्हती, ती अशी.

दर महिन्या-दोन महिन्यांनी तो सामना लावायचा. जाहिराती स्वतः हाताने लिहायचा, सुरेख वळणदार अक्षरात, आणि पोदेराकडून मागून आणलेल्या खळीने स्वतःच चिकटवायचा. हा पोदेर म्हणजे कायतान. हळदोण्याला त्याची पावाची भट्टी होती. हाही जुना तारवटी, सगुणबरोबर एकाच बोटीवर होता आणि त्याच्याइतकाच वेडा. दर शनिवारी दुपारी सायकलला पावाची पाटी बांधून तो डिचोलीला यायचा. वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये दोघे तासभर एकमेकांना बडवायचे. मग त्याच फळ्यांवर बसून गरम उंडे चहात बुडवून खायचे. कोण किती चुकला यावर दोघांचं बोलणं चाले. सगुण पेडण्याचं बोले, कायतान बार्देशचं. कोण कोणती भाषा बोलतो आहे हे त्या दोघांना माहीत नव्हतं. ते पुढे लोकांनी त्यांना सांगितलं.

"मारूक कोण पण मारता," सगुण म्हणायचा. "खावक शिकाक वर्सां लागतत."

"तुका बरें शिकयलां हांवें," कायतान म्हणायचा.

एकदा त्या दोघांबरोबर मी बार्देशात धिरयो बघायला गेलो होतो. कापणी झालेल्या शेतात दोन रेड्यांची झुंज. सगुणला अभ्यास करायचा होता. माणसं किती असतील सांगता येत नाही. बांधावर, माडांवर, ट्रकच्या टपांवर, जिथे माणूस राहू शकतो तिथे माणूस होता. दोन्ही रेडे शिंगाला शिंग लावून दहा मिनिटं नुसते उभे राहिले. ना पाय हलवला ना मान. त्यानंतर त्यातल्या एकाला काय वाटलं कोण जाणे, तो वळला आणि शेपूट वर करून पळाला. लोक वेडे झाले. टोप्या उडाल्या. एका म्हाताऱ्याने आनंदाने माझा गालगुच्चा घेतला.

परतीच्या बसने आम्ही म्हापशाला आलो. बसस्टँडवर उतरल्यावर सगुण म्हणाला, "आमी सा फेरी मारामारी करतंव. तेणी एक पण फटको मारूक नाय."

"तो रेडो शिरसयचो," कायतान म्हणाला. "दुसरो थिव्यांचो. लोक रेड्याक पळोवंक येनात, सगुण. आपल्या गांवाक पळोवंक येतात."

"मग आमचो गाव नाय?"

"तुजो गांव हळर्ण. हळर्णचे कितले आयिल्ले?"

सगुणने विचार केला. "बापूस एकदा आयलो. पण तेका बाजारात काम होता."

हे रेड्यांचं तत्त्वज्ञान त्याने तिथेच सोडून दिलं असतं तर बरं झालं असतं. पण ते त्याच्याआधी भाऊशेटला समजलेलं होतं.

ते दिवस राजभाषेच्या आंदोलनाचे होते. मराठी की कोकणी, हा प्रश्न गोव्यात सकाळच्या चहापासून सुरू व्हायचा. सख्ख्या भावांनी बोलणं टाकलं होतं, आणि एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलत नाहीत यावरून त्यांचा पक्ष ओळखावा लागे. मी मराठीच्या बाजूचा. दिवसभर खाणीची सगळी पत्रं इंग्रजीत लिहून झाली की संध्याकाळी मी मराठीसाठी तळमळायचो. भाऊशेट आमच्या बाजूचे पुढारी. त्यांचे आठ ट्रक होते, एक किराणा दुकान होतं आणि आवाज मोठा होता. ते एक दिवस आमच्या ऑफिसात आले आणि सगुणच्या टेबलावर बसले. खुर्ची रिकामी होती, तरी टेबलावर.

"सगुण, तूं मराठी मरे?"

"मी टायमकीपर."

"तशें न्हय. तूं पेडण्याचो. तूं आमचो. तो पोदेर तांचो. तुमचे दोगांचें जुंज लावया. मराठी विरुद्ध कोकणी. हांव सांगतां तुका, ग्राउंड फुटतलें."

मराठीवरचं त्यांचं ते सगळं कळकळीचं भाषण, अथपासून इतिपर्यंत, घरच्या कोकणीत झालं. हे त्या वेळी आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नाही. पलीकडच्या बाजूनेही म्हापशाचा एक कंत्राटदार पुढे आला होता. कोकणीच्या अस्मितेची पत्रकं त्याने छापून घेतली, ती इंग्रजीत.

शनिवारी कायतान आला तेव्हा मीही शेडमध्ये होतो. सगुणने कायतानला सगळं सांगितलं. कायतान हाताच्या पट्ट्या गुंडाळत ऐकत होता.

"फाइट खरी?" त्याने विचारलं.

"खरी."

"आनी लोक येतले?"

"भाऊशेट म्हणता हजारांनी."

कायतानने पट्टीचं टोक दातात धरून गाठ मारली. "मागीर येवंदी. एकदां पळोवंदी तरी. बॉक्सिंग पळयल्यार तांकां आवडटलें."

या एका आशेवर दोन मोठी माणसं त्या फंदात पडली. लोक भाषेसाठी येतील आणि बॉक्सिंगसाठी थांबतील, असा तो हिशेब होता. सात आणि पाच बारा करणाऱ्या माणसाचा पहिल्यांदाच हिशेब चुकला.

त्या रविवारी ग्राउंड खरंच फुटलं. साखळी, मये, पेडणे, म्हापसा, कुठून कुठून ट्रक भरून माणसं आली. आमच्या वर्कशॉपमधला एकही माणूस मागे राहिला नाही. तो शिवी देणारा ड्रायव्हर तर पहिल्या रांगेत बसून 'सगुणभाई आगे बढो' ओरडत होता, म्हणजे मराठीचा कैवार हिंदीत घेत होता. रिंगणाच्या एका अंगाला आम्ही, दुसऱ्या अंगाला ते, मध्ये लाठ्या घेतलेले पोलीस. सुमती वहिनी फाटकाशी रस्त्याकडे तोंड करून बसली होती. गर्दीत आत जागा न मिळाल्यामुळे मी तिच्या टेबलाशी, स्टुलावर उभा राहून बघत होतो.

सगुण रिंगणात आला आणि त्याने चारी बाजूंना बघितलं. त्याचा चेहरा मी इतका उजळलेला कधी पाहिला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला रिकामी खुर्ची शोधावी लागत होती.

मग रुळावर पाना पडला आणि दोघे लढले. जीव तोडून लढले. सगुणचे पाय असे पडत होते की ताडपत्रीचा आवाज येऊ नये. कायतान कणीक मळणाऱ्या माणसासारखा खांद्यातून मारत होता. असं बॉक्सिंग डिचोलीत पुन्हा झालं नसेल, आणि झालेलं कुणी पाहिलंही नाही. आमच्या बाजूने सगुणचा ठोसा हवेत गेला तरी टाळ्या, कायतानचा बसला तरी 'फाउल'. त्यांच्या बाजूलाही हेच, उलट. तिसऱ्या फेरीत सगुणने डोकं इतकं सुरेख चुकवलं की माझ्या तोंडून 'वा' निघून गेलं. शेजारच्या माणसाने ते कुणाला उद्देशून होतं याची चौकशी केली.

चौथ्या फेरीत कायतानचा डावा हात वळून आला आणि सगुणच्या जबड्यावर बसला. सगुण पडला. अर्ध्या ग्राउंडातून जो आवाज उठला, तो मुळगावपर्यंत गेला असेल.

सुमती वहिनी वळली नाही. तिकिटांचे तुकडे हाताने नीट करत राहिली.

"उठलो?" तिने मला विचारलं.

"अजून नाही."

ती थांबली. पंच आकडे मोजत होता.

"उठला," मी म्हणालो.

"मग बरा," ती म्हणाली, आणि रस्त्याकडे बघत राहिली.

सगुण उठला आणि उरलेल्या दोन्ही फेऱ्या उभा राहिला. पण कायतान सरस ठरला होता हे आंधळ्यालाही कळलं असतं. गुण द्यायला दोन माणसं बसवली होती, दोन्ही बाजूंची एकेक. मराठीच्या माणसाने सगुणला विजयी केलं, कोकणीच्या माणसाने कायतानला. पंच होता म्हापशाच्या एका शाळेचा व्यायामशिक्षक. त्याने दोन्हीकडची गर्दी पाहिली, पोलिसांच्या लाठ्या पाहिल्या, आपली शाळा, बायको आणि पेन्शन आठवली, आणि कापऱ्या आवाजात जाहीर केलं की सामना बरोबरीत सुटला असून दोन्ही भाषा थोर आहेत.

दोन्ही बाजूंना समाधान होण्याच्या बेतात होतं. तेवढ्यात सगुणने त्याच्या हातातून माइक घेतला. ओठ फाटला होता, शब्द नीट येत नव्हते.

"बरोबरी नाय," तो म्हणाला. "हांव हरलंय. कायतानान बरो मारलो. तुमी सगळ्यांनी बघलात."

आणि त्याने कायतानचा हात धरून वर केला.

त्या वर्षात गोव्यात इतकं स्पष्ट वाक्य दुसऱ्या कुणी बोललं नाही. ते खोटं आहे असं कुणालाच म्हणता येईना. ते कोणत्या भाषेत बोललं गेलं, यावर मात्र ग्राउंडातच वाद झाला, पुढे खुर्च्या उडाल्या, आणि पोलिसांना अखेर काम मिळालं.

दुसऱ्या दिवसापासून सगुण परब हा मराठी हरवलेला माणूस झाला. भाऊशेट म्हणाले, पडायला त्याला कुणी सांगितलं होतं. कँटीनमध्ये त्याच्या बाकावर कुणी बसेना. महिन्याभरात त्याची बदली खाणीच्या टोकावरच्या वजनकाट्यावर झाली. तिथे माणसाशी बोलायचा प्रसंग फक्त ट्रकचा नंबर विचारण्यापुरता. मी त्याच्याशी बोलायचो, पण कुणी बघत नसताना. तिकडे कायतानचा हळदोण्याला सत्कार झाला. शाल, नारळ आणि तीन भाषणं. त्याला बोलायला उभं केलं तेव्हा तो म्हणाला, "म्हाका वचूंक जाय, पीठ फुगलां," आणि शाल खांद्यावर टाकून भट्टीवर गेला. शनिवारचं त्याचं डिचोलीला येणं मात्र चुकलं नाही. उंडे तेवढे आता तो वजनकाट्यावर आणायचा.

पुढे राजभाषेचा निकाल कोकणीच्या बाजूने लागला, मग गोवा राज्यही झालं. तो निकाल विधानसभेत नव्हे, कायतानच्या डाव्या हाताने त्या चौथ्या फेरीत लावला, असं मानणारी दोन-तीन माणसं डिचोलीत अजून आहेत. त्यांतला एक पदवीधर आहे.

राज्य झाल्यानंतरच्या उन्हाळ्यात सगुणने आणखी एक सामना लावला. कायतानशीच, पण पेडण्याला, एका सभागृहात. जाहिरातीवर त्याच सुरेख अक्षरात लिहिलं होतं, 'फक्त बॉक्सिंग'. भाऊशेटच्या हजारांनी ती वाचली आणि त्यात काही नाही हे बरोबर ओळखलं.

मी त्या रविवारी माझ्या गावी, पेडण्यालाच होतो. संध्याकाळी सहाच्या बसने म्हापशाला जायचं आणि तिथून डिचोलीची शेवटची गाडी पकडायची, हा माझा नेहमीचा क्रम. सामना साडेचारचा, म्हणजे मधे वेळ होता म्हणून गेलो. दाराशी सुमती वहिनी होती. तिकीट फाडून देताना ती हळूच म्हणाली, "आज शेवटचो. डॉक्टरान सांगितल्यान, डाव्या डोळ्याक आता मार नको. आतमधलो पडदो सुटत इलो."

"मग आज तरी कशाला?"

"मी विचारलंय तर म्हणता, जाहिरात लावली."

आत चौदा माणसं होती. मी मोजली, कारण मोजायला सोपी होती. साडेचार वाजले, पावणेपाच झाले. सगुण हातमोजे चढवून दारापर्यंत येऊन रस्ता बघून जायचा. आणखी कुणी येईल म्हणून तो थांबला होता. जे आले नव्हते त्यांच्यासाठी आलेल्यांना थांबवून ठेवायचं, ही आपली जुनीच रीत आहे. आमच्या लग्नांत आणि साहित्य संमेलनांत दुसरं काय होतं. साडेपाच वाजता तो चौदाजणांपाशी आला, प्रत्येकाला गाव विचारलं, उशीर झाल्याबद्दल माफी मागितली आणि रिंगणात गेला.

सभागृह इतकं शांत होतं की दोघांचे श्वास ऐकू येत होते. कुणी कुणाच्या बाजूचा नव्हता. त्यामुळे असेल, मला पहिल्यांदाच नीट दिसायला लागलं. खांदा हलतो आणि मग हात येतो. पाऊल आधी ठरवतं आणि मग डोकं चुकतं. सगुण चाळिशी ओलांडलेला माणूस, पण त्या पंधरा फुटांच्या चौकोनात काही जास्तीचं करत नव्हता आणि काही कमी करत नव्हता. माझ्या शेजारी हळर्णचा एक काजूवाला बसला होता. तो तोंड उघडं टाकून बघत होता आणि हातातली विडी विझल्याचं त्याला कळलं नव्हतं.

तिसऱ्या फेरीपर्यंत माझ्या ध्यानात आलं की कायतान उजवा हात चालवतच नाही. डाव्यानेच मारतो आहे, तोही अंगावर. सगुणच्या डाव्या डोळ्याच्या बाजूला त्याचा एकही ठोसा जात नव्हता. सगुणच्याही ते ध्यानात आलं. तो एक पाऊल मागे सरला आणि त्याने हात खाली घेतले. त्याला मी रागावलेला पाहिला तो तेवढाच.

"कायता, उजवो हात चलय."

कायतानने पुन्हा डावाच हात पुढे धरला.

"लोकांनी तिकीट काडलां. उजवो चलय."

कायतानने मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून ते मला कळलं नाही. मग त्याचा उजवा हात आला. सगुणने तो मनगटावर झेलला आणि हसला. त्यानंतर जे सुरू झालं त्याचं वर्णन मला करता येणार नाही. दोघांनी एकमेकांना काही शिल्लक ठेवलं नाही. चौथी फेरी संपली, पाचवी सुरू झाली. काजूवाला मला म्हणाला, "हें असां आसता? माका कोणी सांगूक नाय."

तेव्हा बाहेर बसचा हॉर्न वाजला. सहाची बस. पेडण्याहून म्हापशाला जाणारी त्या दिवसाची शेवटची.

थांबावं असं मला वाटलं होतं. खरंच वाटलं होतं. पण सोमवारी सकाळी आठला हजेरी होती, नवा टायमकीपर कडक होता, आणि एक बॉक्सिंग बघण्यासाठी अर्ध्या दिवसाचा पगार घालवावा इतका माझा कलेशी संबंध नव्हता. चौदांतले आम्ही सहाजण उठलो. त्यांतला काजूवाला विडी पुन्हा पेटवत उठला, तोच सगळ्यांत हळू. लोखंडी खुर्च्या फरशीवर करकरल्या.

दारापाशी मी मागे वळून बघितलं. आवाजामुळे सगुणचं लक्ष उडालं होतं. लढायच्या पवित्र्यातच, हनुवटीशी हात तसेच धरून, तो मान वळवून आमच्याकडे बघत होता. सहा खुर्च्यांकडे. त्याचा डावा गाल, डावा डोळा, सगळं उघडं होतं. कायतान त्याच्यासमोर हातभर अंतरावर होता. कसलाही बॉक्सर असता तर त्याने तेवढ्यात सामना संपवला असता.

कायतानने दोन्ही हात खाली सोडले आणि सगुण पुन्हा आपल्याकडे वळेपर्यंत तो तसाच थांबला.

कंडक्टरने शिट्टी मारली. मी बस पकडली.